जळक्या केसांचा वास, न जळलेला डोळा

दादरहून टॅक्सीत बसल्याबसल्या भाची म्हणाली, "मावशी, केस जळल्यासारखा वास येत होता. हे तू सांगितलं नव्हतंस." डोळ्यांवर प्लास्टिकच्या पारदर्शक वाट्या, त्यावर काळा गॉगल आणि कांदा चिरताना वाहावं तसं पाणी. लेसरने चष्म्याचा नंबर काढून घेणाऱ्या बऱ्याच जणांना हा वास येतो आणि डोळाच भाजतोय की काय, अशी शंका येते. गंमत म्हणजे तिथे जळत काहीच नसतं.

हा एक्सायमर लेसर अतिनील प्रकाशाचा असतो, तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. या प्रकाशाच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की तो रेणूंमधले बंध थेट तोडतो. सुटलेले तुकडे ऊर्जा घेऊनच बाहेर उडतात, त्यामुळे शेजारच्या पेशींना ऊब लागायला वेळच मिळत नाही. नाकाला जाणवतात ते हे उडालेले तुकडे.

याचा शोध जेवणाच्या उरल्यासुरल्यातून लागला. मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्क राज्यात आयबीएम या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत. १९८१च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरून टर्की पक्ष्याच्या मांसाचे उरलेले तुकडे आणले आणि त्यांवर हा लेसर मारून पाहिला. हिरव्या लेसरने मांस करपलं, अतिनील लेसरने मात्र सुरीनेही जमणार नाही असा स्वच्छ काप दिला. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी पुढे ही करामत डोळ्यापर्यंत आणली.

डोळ्यात हा लेसर पोचतो तो फक्त पारपटलापर्यंत, म्हणजे कॉर्नियापर्यंत. घड्याळाच्या काचेसारखा हा पुढचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, पण प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम तोच करतो. मायनस नंबर असेल तर त्याचा मधला भाग थोडा सपाट करायचा, एवढाच खेळ. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागात एक नंबर उतरवायला साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खरवडावे लागतात. भाचीचा नंबर साडेचार, म्हणजे ५४ मायक्रॉन. एका केसाची जाडीही साधारण एवढीच.

आता तिचा हिशेब बघा. पारपटल ५३० मायक्रॉन. तिने केलेल्या लॅसिक या पद्धतीत आधी वरची चकती कापून, बिजागरीच्या दारासारखी बाजूला उलटतात, तिचे ११०. लेसरचे ५४. खाली उरले ३६६. किमान २५० तरी उरायलाच हवेत, कित्येक डॉक्टर ३०० धरतात. ज्यांचं पारपटल मुळात पातळ किंवा शंकूसारखं पुढे येऊ लागलेलं, त्यांना चांगला डॉक्टर सरळ नाही म्हणतो. असा नकार मिळाला तर लगेच दुसरीकडे धावू नका, कारण विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स आठवडा-दोन आठवडे आधी बंद करायला लावतात तेही याच मोजमापासाठी, कारण लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो.

ऑपरेशन म्हणाल तर दोन्ही डोळे मिळून वीसेक मिनिटं. भूल इंजेक्शनची नाही, थेंबांची. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. चकती कापताना डोळा एका कड्याने धरून ठेवतात, तेव्हा दाब वाढून काही क्षण चक्क अंधार होतो. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं, टकटक आवाज होतो आणि तो वास येतो. नजर जरा हलली तर यंत्र मागोमाग सरकतं, फार हलली तर थांबतं.

पहिले काही तास चुरचुर आणि धुकं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली आणि ती मोठमोठ्याने वाचत सुटली. चकती न करता वरचा थर पुसून केलेल्या पीआरकेमध्ये मात्र तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर निवळायला काही आठवडे लागतात. दोन्हींत डोळे चोळायचे नाहीत. पावसाळी मुंबईत हे म्हणण्याइतकं सोपं नाही. पारपटलातल्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडतात, एसी लोकलमध्ये तर फारच. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. बहुतेकांची हळूहळू विरतात, थोड्यांची राहतात.

जाहिरातींत 'चष्म्यापासून कायमची सुटका' लिहिलेलं असतं, तेवढं मला खटकतं. बदलते ती पुढची काच. मायनस नंबराचा डोळा मुळात लांबट असतो, तो तसाच लांबट राहतो. आतलं दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, ताणलेलंच राहतं, म्हणून अचानक काळे ठिपके किंवा चमक दिसली तर लगेच तपासणी करायची. आणि चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होतं, त्यावर या लेसरचा काही उपाय नाही. वाचायचा चष्मा लागतोच.

आणखी एक गोष्ट कुणी फारसं बोलत नाही. पुढे मोतीबिंदू झाला की कृत्रिम भिंगाची पॉवर पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात. लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीचं सूत्र चुकतं, अशा वेळी जुनी मापं हाताशी असली की फार मदत होते. भाची चोवीस वर्षांची, तिला मोतीबिंदू म्हणजे आजीचा आजार वाटतो. तिची फाइल मी माझ्या कपाटात ठेवली आहे, तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी.