राडारच्या मनोऱ्यावरून टूकन: पनामाच्या पक्षीसहलीची पार्श्वभूमी

पनामाच्या पक्षीसहलीचा कार्यक्रम हातात पडला की त्यात तीन नावे हमखास असतात: कॅनॉपी टॉवर, पाइपलाइन रोड आणि अचिओते. पहिल्या जागी मुक्काम, दुसऱ्या जागी दोन-तीन सकाळी, तिसऱ्या जागी दिवसभराची फेरी. जंगल दाट, पाऊस धो धो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची वही लायफरांनी, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्यांनी, भरून वाहते. मात्र या तिन्हींपैकी एकही जागा पक्ष्यांसाठी घडलेली नाही. टॉवर बांधला राडारसाठी, रस्ता काढला तेलाच्या नळासाठी, आणि अचिओतेलगतचे जंगल राहिले ते सैन्याला सरावाला लागत होते म्हणून.

कालव्याची गोष्ट इथे पुन्हा सांगत नाही. फ्रेंचांचा फसलेला डाव, पिवळा ताप, 15 ऑगस्ट 1914 चे उद्घाटन, हे सगळ्यांच्या कानावरून गेलेले असते. पक्षीनिरीक्षकाच्या कामाची गोष्ट निराळी आहे. 1903 च्या कराराने कालव्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मैल, म्हणजे जेमतेम 16 किलोमीटर रुंदीचा पट्टा अमेरिकेकडे गेला. हाच तो ‘कॅनाल झोन’. 1912 मध्ये या पट्ट्यातली वस्ती उठवण्याचा हुकूम निघाला. चाग्रेस नदीला गातुनपाशी बांध घालून जो जलाशय झाला त्यात काही गावे बुडाली हे खरे, पण पाणी जिथवर पोचणार नव्हते तिथलेही लोक हलवले गेले. कोयनेच्या, उजनीच्या धरणग्रस्तांकडून ज्यांनी काही ऐकले आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. माणसे गेली आणि त्यांच्या वाड्या, कुरणे रानाने गिळली. माहितीपत्रकात ‘अस्पर्श वर्षावन’ असे ठसठशीत छापलेले असते, त्यातला बराच भाग म्हणजे शंभर वर्षे ओस पडलेली माणसांची जमीन आहे. मोठ्या चोचीच्या टूकन पक्ष्याला त्याचे काही देणेघेणे नाही. त्याला ढोलीचे झाड मिळाले की झाले.

जलाशयातून एका टेकडीचा माथा वर राहिला, त्याचे बारो कोलोरादो हे बेट झाले. 1923 पासून ते अभ्यासासाठी राखलेले आहे. तिथे शिकार नाही, तोड नाही, तरी जमिनीलगत वावरणाऱ्या कितीतरी पक्ष्यांच्या जाती बेटावरून एकेक करून नाहीशा झाल्या. पुढे संशोधकांनी असे काही रानपक्षी पकडून बोटीतून जलाशयात नेले आणि किनाऱ्यापासून मोजून मापून अंतरावर सोडले. काही जातींच्या पक्ष्यांना शंभर मीटर पाणीसुद्धा ओलांडता आले नाही. पंख शाबूत, प्रकृती ठणठणीत, पण उघड्यावर उडण्याची सवयच नाही. जंगलाला मध्येच चिरणारा रस्ता किंवा जलाशय म्हणजे अशा पक्ष्याला काय वाटत असेल, याचा अंदाज या एका प्रयोगावरून येतो.

पाइपलाइन रोड दुसऱ्या महायुद्धातला. कालव्यावर बाँब पडला तर इंधन एका समुद्रावरून दुसऱ्याकडे न्यायची सोय असावी म्हणून अमेरिकी नौदलाने नळ टाकला, आणि त्याच्या देखभालीसाठी कालव्याकाठच्या गांबोआ गावाजवळून हा सुमारे 17 किलोमीटरचा कच्चा रस्ता काढला. आज त्यावरून दुर्बिणी गळ्यात अडकवलेली माणसे चालतात. तिथे लष्करी मुंग्यांची धाड सापडली तर बाकी काही नाही दिसले तरी चालते. आधी पाचोळा सळसळल्यासारखा आवाज येतो, मग जमीनच सरकते आहेसे वाटते. पुढे झुरळे, कोळी, विंचू जीव घेऊन पळत असतात आणि हातभर उंचीच्या फांद्यांवर मुंगीपक्षी आडवे चिकटून बसलेले असतात. नाव मुंगीपक्षी असले तरी ते मुंग्यांना शिवत नाहीत. पळणारा किडा टिपायचा आणि पुन्हा फांदीवर. बघणाऱ्याने पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले नसतील तर मात्र त्याचे बघणे लवकर आटोपते.

झोनमध्ये कालव्यावर नोकरी करणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची एक वेगळीच वसाहत होती, ‘झोनियन’ म्हणून ओळखली जाणारी. आखीव हिरवळी, क्लब, शाळा, आणि कुंपणापलीकडे पनामा. 1964 च्या जानेवारीत झेंडा कोणता फडकवायचा यावरून दंगल पेटली आणि वीसहून अधिक पनामावासी मारले गेले. पनामातले संघटित पक्षीनिरीक्षण त्यानंतर तीनच वर्षांनी, 1967 मध्ये सुरू झाले, आणि सुरुवातीचे बरेच सदस्य याच झोनमधले. डिसेंबरातल्या पक्षीगणनेत अटलांटिकच्या बाजूला 24 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात एका दिवसात साडेतीनशेच्या घरात जाती मोजल्या जाऊ लागल्या आणि पाइपलाइन रोडचे नाव जगभर झाले. 1976 मध्ये पनामाच्या पक्ष्यांचे जाडजूड हातपुस्तक निघाले. महाराष्ट्राच्या पावपट देशात हजाराच्या आसपास जाती आहेत हे कळल्यावर प्रवासी गट येऊ लागले नसते तरच नवल.

1977 मध्ये अमेरिका आणि पनामा यांच्यात दोन करार झाले. झोन 1 ऑक्टोबर 1979 ला संपला. कालवा आणि उरलेले लष्करी तळ 31 डिसेंबर 1999 ला पनामाकडे यायचे ठरले. झोन संपून वर्ष व्हायच्या आत, 1980 मध्ये, कालव्याच्या पूर्वेचे 22 हजार हेक्टर जंगल सोबेरानिया राष्ट्रीय उद्यान झाले. सोबेरानिया म्हणजे सार्वभौमत्व. उद्यानाला पक्ष्याचे, नदीचे, डोंगराचे नाव न देता हे नाव का दिले, ते वेगळे सांगावे लागत नाही. यामागे निव्वळ निसर्गप्रेम होते असेही नाही. एक जहाज एका समुद्रातून दुसऱ्यात जायला सुमारे 20 कोटी लिटर गोडे पाणी जहाजाला वर-खाली करणाऱ्या कुलूपद्वारांतून समुद्रात सोडावे लागते. जंगल गेले की जलाशयात गाळ आणि उन्हाळ्यात ठणठणाट. 1978 मध्येच एका वनतज्ज्ञाने जंगलतोड कालव्याचा जीव घेईल असे बजावले होते.

याच उद्यानातल्या सेमाफोर टेकडीवर अमेरिकी हवाई दलाने 1965 मध्ये राडारसाठी पत्र्याचा गोल मनोरा उभारला होता. वर पिवळा घुमट. पुढच्या काळात त्यावरून विमानवाहतुकीवर आणि अमली पदार्थांच्या तस्करीच्या विमानांवरही नजर ठेवली गेली. 1996 मध्ये तो पनामाला मिळाला, सरकारने तो एका खासगी माणसाला चालवायला दिला, आणि 1999 मध्ये पाहुणे राहायला आले. हाच तो कॅनॉपी टॉवर. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात खासगी निवास कसा, असा प्रश्न तेव्हाही विचारण्यासारखा होता. नवे बांधकाम नाही, नवी तोड नाही, हे त्यावरचे उत्तर मला तरी पटते. राडारला झाडांच्या वरून बघायचे होते, म्हणून मनोरा शेंड्यांच्या वर काढलेला. पक्षीनिरीक्षकाला नेमके तेच हवे. जंगलात खाली उभे राहून मान मोडेपर्यंत वर बघितले तरी निळ्या कोटिंगा पक्ष्याचे फक्त पोट दिसते. घुमटाभोवतीच्या गच्चीवर तो डोळ्यांच्या रेषेत येऊन बसतो, आणि सकाळच्या उन्हात त्याचा निळा रंग जवळजवळ खोटा वाटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडून येणारे ससाणे, गिधाडे लाखोंनी याच चिंचोळ्या भूमीवरून जातात; तेव्हा खाली कोणी बघतच नाही.

आपल्याकडच्या लोकांना हे फार परके वाटू नये. पुण्या-कोल्हापूरचे, गोव्याचे छायाचित्रकार कर्नाटकातल्या ज्या गणेशगुडीच्या ‘ओल्ड मॅगझिन हाऊस’ला धाव घेतात, तिथले मॅगझिन म्हणजे मासिक नव्हे, दारूगोळ्याचे कोठार. सुपा धरणाच्या कामाची स्फोटके तिथे ठेवत. आज तिथल्या पाण्याच्या कुंड्यांवर पक्षी अंघोळीला येतात आणि लांब नळ्यांच्या लेन्सा टिकटिक करतात. फरक एवढाच की गणेशगुडीची स्फोटके कामापुरती होती. पनामात ती मागे राहिली.

खरा गुंता तिथेच आहे, आणि तो एका शब्दाचा आहे. कालव्याच्या पश्चिमेला अमेरिकी सैन्याची तोफ-बाँबच्या सरावाची तीन मोठी मैदाने होती: एम्पायर, बाल्बोआ वेस्ट आणि अटलांटिक बाजूचे पिन्या. शेजारच्या फोर्ट शेर्मनमध्ये जंगलयुद्धाचे प्रशिक्षण चाले. (चंद्रावर जाणाऱ्यांनाही यान भलतीकडे उतरले तर काय खायचे, हे पनामाच्याच जंगलात शिकवले होते.) सोडून जाताना जिवाला धोका असलेली प्रत्येक गोष्ट काढून टाकण्यासाठी अमेरिकेने सर्व उपाय योजावेत, असे 1977 च्या करारात होते. पण त्यात एक उपवाक्य होते: ‘प्रॅक्टिकेबल असेल तितपत’. मराठीत ‘व्यवहार्य असेल तितपत’. आपल्या सरकारी परिपत्रकात ‘शक्यतो’ दिसला की जाणता माणूस फाइल बाजूला ठेवतो, तसाच हा शब्द.

व्यवहार्य म्हणजे काय? अमेरिकेच्या बाजूने असे सांगितले गेले, की मैदानांचा बराच भाग उभ्या उताराचा आणि घनदाट जंगलाचा आहे. जमिनीत रुतलेले न फुटलेले गोळे शोधायचे तर आधी झाडे तोडावी लागतील. झाडे तोडली की माती वाहणार, ती कालव्याच्या पाणलोटात जाणार, वर दुर्मीळ प्राणी-पक्ष्यांचे घर जाणार. तेव्हा जंगल वाचवायचे असेल तर गोळे राहू द्या. पनामाचे म्हणणे, की व्यवहार्य याचा अर्थ स्वस्त असा होत नाही. तंत्र आहे, वेळ होता, वीस वर्षे हातात होती, आणि खर्च टाळण्यासाठी आता पक्ष्यांची ढाल पुढे केली जाते आहे.

दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणणे आहे, असे लिहून हात झटकता येतील. मला ते जमत नाही. त्याच नव्वदच्या दशकात अमेरिकेने हवाई बेटांपैकी काहोओलावे या, तशाच बाँबसरावाने चाळण झालेल्या बेटाच्या सफाईसाठी 40 कोटी डॉलर मंजूर केले होते. तिथे असे जंगल नव्हते हे मान्य, आणि तिथलीही सफाई पुरी झाली नाही हेही मान्य. पण तिथे निदान कामाला हात घातला गेला. पिन्यात आणि एम्पायरमध्ये जंगलाचा अभाव नव्हता, मतदारांचा होता. पर्यावरणाची इतकी कळकळ नेमकी बिल द्यायच्या वेळीच का उफाळते, हा प्रश्न पनामाच्या माणसाने विचारला तर त्याला काय सांगणार? अखेर 1999 संपले, सैन्य गेले, हजारो हेक्टरांवर गोळे तसेच राहिले. भंगारासाठी, शिकारीसाठी किंवा नुसत्या पायवाटेने आत गेलेली माणसे त्यात मेलेली आहेत.

पेच असा की त्यामुळे जंगल खरोखरच राहिले. फोर्ट शेर्मन आणि पिन्याचा परिसर पुढे सान लोरेन्झो संरक्षित क्षेत्रात आला. त्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरचे अचिओते हे कॉफी पिकवणाऱ्यांचे गाव आता पक्षीनिरीक्षकांना जेवू घालते, वाटाड्ये देते. वाटाड्या रस्ता सोडू नका म्हणतो, तेव्हा तो फक्त सापांबद्दल बोलत नसतो.

2000 नंतर ‘इको’ हे अक्षर कशाच्याही मागे लागू लागले. गांबोआत चाग्रेसकाठी भलेमोठे रिसॉर्ट आले, जंगलातून झुलत्या पाळण्यांची तारवाट आली. ज्या इमारतीत लॅटिन अमेरिकेतल्या लष्करी अधिकाऱ्यांना धडे दिले जात, तिचेही हॉटेल झाले. सगळ्यात कडी केली ती पश्चिमेच्या बारू ज्वालामुखीच्या उद्यानाने, म्हणजे तिथून काढायच्या रस्त्याने. बोकेते ते सेरो पुंता हा मोटाररस्ता केत्साल पक्ष्याच्या अधिवासातून जाणार होता आणि त्याचे सरकारी नाव होते ‘पर्यावरणीय मार्ग’. 2003 च्या सुमारास त्यावर एवढे रान उठले की तो झाला नाही. आज तिथे पायवाटच आहे, केत्सालच्याच नावाची.

मोठा बदल मात्र पाण्याकडून आला. 2016 मध्ये कालव्याला मोठ्या जहाजांसाठी नवी कुलूपद्वारे बसली. 2023 मध्ये पावसाने ओढ दिली, गातुन जलाशय उतरला, आणि दिवसाला 36 जहाजांऐवजी वर्षअखेर 24 च्या आसपासच सोडावी लागली. पनामा सिटी आणि कोलोन या शहरांचे पिण्याचे पाणीही कालव्याच्या याच पाणलोटातून येते. उपाय म्हणून पश्चिमेच्या रिओ इंदिओ नदीवर नवे धरण बांधायचा निर्णय 2025 मध्ये झाला. त्यासाठी सुमारे दोन हजार माणसांना हलवावे लागणार आहे. खोऱ्यातले शेतकरी विरोधात आहेत, मोर्चे निघाले आहेत. रिओ इंदिओ अजून कुठल्या पक्षीसहलीच्या कार्यक्रमात नाही. तिथे गावे आहेत, शेते आहेत, गुरे आहेत, 1912 च्या आधी चाग्रेसच्या काठी होती तशीच.