‘लोक ऐकतच नाहीत’ असं सांगितलं की लोक खरंच ऐकत नाहीत

पर्यावरणावरची कुठलीही जाहिरात आठवा. इतके टन प्लास्टिक फेकलं, इतके लोक पाणी वाया घालवतात, आणि खाली ‘आता तरी सुधारा’. हेतू चांगलाच असतो हो, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन गोष्टी शिरतात, एक म्हणजे हे वाईट आहे, आणि दुसरी म्हणजे हे सगळेच करतायत. आणि गंमत अशी की बऱ्याचदा दुसरीच पहिलीवर भारी पडते.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं नॅशनल पार्क आहे. तिथे 20 कोटी वर्षांहून जुन्या झाडांची लाकडं दगड होऊन पडलीयत आणि बघायला येणारे लोक ‘एवढासा तुकडा नेला तर काय बिघडतंय’ म्हणून ते खिशात घालतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डीनी आणि त्यांच्या टीमने तिथल्या पायवाटांवर गुपचूप खुणा केलेले तुकडे ठेवले आणि आळीपाळीने वेगवेगळ्या पाट्या लावल्या. एका पाटीवर साधी विनंती, लाकूड नेऊ नका, सोबत एकच माणूस तुकडा उचलतोय असं चित्र आणि त्याच्या हातावर मनाईची लाल खूण. दुसरीवर लिहिलं की आधी येऊन गेलेल्या बऱ्याच लोकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललंय, आणि चित्रात उचलणारे तिघं. विनंतीच्या पाटीपाशी 1.67 टक्के तुकडे गेले, ‘बऱ्याच लोकांनी नेलं’ या पाटीपाशी 7.92 टक्के! म्हणजे चोरी थांबवायला लावलेल्या पाटीनेच चोरांना सोबत मिळवून दिली.

यातली मेख अशी की आपण दोन वेगळ्या गोष्टींकडे बघून वागतो. लोक प्रत्यक्षात काय करतात ही एक, आणि लोकांना काय बरोबर वाटतं ही दुसरी. दोन्ही एकाच दिशेला असल्या तर काम सोपं, पण मोहीम करणारे नकळत त्यांना आमनेसामने उभं करतात.

हे कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसच्या प्रयोगात जास्त छान दिसतं. संशोधकांच्या टीमने 290 घरांचे विजेचे मीटर वाचले आणि प्रत्येक दाराला एक कागद अडकवला, तुमचा वापर इतका, आसपासच्या घरांचा सरासरी इतका. जास्त वीज जाळणाऱ्यांनी वापर कमी केला, ते अपेक्षितच होतं. पण जे आधीच कमी वापरत होते त्यांचा वापर वाढला, आपणच कशाला काटकसर करतोय असं वाटलं असावं बहुतेक. मग काही कागदांवर सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांसाठी हाताने हसरा चेहरा काढला आणि जास्तवाल्यांसाठी रडका. बास, एवढ्यानं ती वाढ थांबली! सरासरीने सांगितलं लोक काय करतात आणि त्या चेहऱ्याने सांगितलं की तुमचं चाललंय ते लोकांना आवडतंय. हा निकाल 2007 साली छापून आला.

त्याच टीमने दुसरीकडे लोकांना विचारलं की तुम्ही वीज का वाचवता. पर्यावरण, समाजाचं भलं, पैसे, अशी उत्तरं वर आली आणि शेजारी वाचवतात म्हणून हे कारण सगळ्यात खाली. पण वागणं तपासलं तर सगळ्यात घट्ट संबंध शेजाऱ्यांचाच निघाला. आपण कोणाचं बघून वागतो हे कबूल करायला कोणालाच आवडत नाही, त्यामुळे नुसतं सर्वे घेऊन मोहीम आखली की ती चुकीच्या कारणावर उभी राहते.

पण मग बरेच लोक चांगलं वागतच नसतील तर? खोटं सांगायचं का? नाही, बदल दाखवायचा. अमेरिकेत एका कॅफेच्या लाइनीत उभ्या लोकांना वाचायला दिलं की 30 टक्के अमेरिकन मांस कमी खायचा प्रयत्न करतात, काहींना दिलं की गेल्या 5 वर्षांत 30 टक्के लोकांनी तसा प्रयत्न सुरू केलाय. आकडा तोच, पण पहिल्या गटात 17 टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं, दुसऱ्यात 34 टक्क्यांनी. लोक बदलतायत म्हटलं की आपल्यालाही जमेल असं वाटतं.

आता थोडं पाणीही ओततो. हॉटेलात ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ अशी पाटी लावली तर अमेरिकेत प्रमाण 35 वरून 44 टक्क्यांवर गेलं होतं, ते जर्मनीत करून बघितलं तर साध्या पाटीपेक्षा काही फरकच दिसला नाही, तिथे तसेही बरेच लोक टॉवेल पुन्हा वापरत होते. आणि शेजाऱ्यांशी तुलना करणारे विजेचे रिपोर्ट अमेरिकेत ओपॉवर कंपनीने घरोघरी पाठवले, सुमारे 6 लाख घरांचा अभ्यास झाला, तर सरासरी बचत निघाली 2 टक्के. दिसायला किरकोळ, पण तेवढ्याच बचतीसाठी विजेचा दर काही काळापुरता 11 ते 20 टक्क्यांनी वाढवावा लागला असता आणि इथे खर्च फक्त कागद-पोस्टाचा. जुना फ्रिज बदलायचा खर्च मात्र त्या रिपोर्टच्या पाकिटातून येत नाही, तिथे सबसिडी आणि नियमच लागतात.