टिन मॅनच्या मेकअपने बडी एब्सन मेला नव्हता!
'विझर्ड ऑफ ऑझ' या जुन्या हॉलिवूड सिनेमात टिन मॅन (पत्र्याचा माणूस) करणारा पहिला नट, म्हणजे एब्सन, मेकअपच्या विषाने वारला ही गोष्ट अजून फिरतेय, पण ते खरं नाहीये. १९३८ मध्ये एब्सनच्या तोंडावर ॲल्युमिनियमची पावडर मारायचे, ती श्वासातून फुफ्फुसात गेली, दम घेता येईना म्हणून थेट हॉस्पिटल, आणि रोल गेला जॅक हेलीकडे. मग पावडरऐवजी पेस्ट लावायला लागले, तरी हेलीच्या डोळ्याला इन्फेक्शन झालंच. एब्सन मात्र चांगला ९५ वर्षं जगला, २००३ पर्यंत! 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'मध्ये ऑड्री हेपबर्नला परत न्यायला आलेला, शेवटी एकटाच बसने निघून जाणारा तो बिचारा नवरा आठवतो? तोच हा. पुढे टीव्हीवर 'बेव्हर्ली हिलबिलीज' नऊ वर्षं. आणि ऑझमध्ये सगळे मिळून गातात ना, त्यात त्याचा आवाज अजून आहे.