पाचवी कोअर (ब्रिटिश लष्कर)

पाचवी कोअर : दोन्ही महायुद्धांत लढलेली ब्रिटिश लष्करातील एक कोअर. दोन किंवा अधिक डिव्हिजन आणि जोडीला तोफखाना, इंजिनिअर व दळणवळणाची पथके एका लेफ्टनंट जनरलच्या हाताखाली आणली की कोअर उभी राहते. मुख्यालय तेच राहते, डिव्हिजन मात्र मोहिमेप्रमाणे बदलतात. त्यामुळे पाचव्या कोअरचा इतिहास सांगताना दर वेळी तिच्या हाताखाली कोण लढत होते, हे सांगावेच लागते.

१९१५ मध्ये हर्बर्ट प्लमर यांच्या नेतृत्वाखाली ती फ्रान्समध्ये उभी राहिली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी शेजारच्या फ्रेंच फळीवर क्लोरीन वायू सोडला, फळी फुटली आणि या कोअरमधील कॅनेडियन डिव्हिजनची बाजू उघडी पडली. तरीही ईप्र शहर हातचे गेले नाही.

१९४० मध्ये इंग्लंडचा दक्षिण किनारा राखण्यासाठी तिची पुन्हा उभारणी झाली. प्रथम ऑकिन्लेक आणि लगोलग माँटगोमेरी हे तिचे सेनापती होते. १९४२ च्या अखेरीस चार्ल्स ऑल्फ्री यांच्या हाताखाली ती ट्युनिशियात उतरली. ट्युनिस झटक्यात घेण्याचा डाव पावसाने आणि चिखलाने हाणून पाडला. वाटेवरची लाँगस्टॉप टेकडी ताब्यात यायला २३ एप्रिल १९४३ उजाडला आणि १३ मे रोजी आफ्रिकेतील अक्ष (जर्मन-इटालियन) सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

इटलीतील तिची लढाई मुख्यतः नद्यांशी होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये पुराने फुगलेल्या सांग्रोवर ७८ वी आणि आठवी भारतीय या डिव्हिजन लढल्या. डिसेंबरात ओर्तोना शहर कॅनेडियनांनी घरोघर लढून घेतले. ऑगस्ट १९४४ पासून चार्ल्स कीटली यांच्या नेतृत्वाखाली कोअर गॉथिक फळीवर, म्हणजे उत्तर इटलीतील जर्मन बचावफळीवर, चालून गेली. तेव्हा जेम्मानोच्या कड्यावर दोन ब्रिटिश डिव्हिजननंतर चौथ्या भारतीय डिव्हिजनलाही चढाई करावी लागली.

मराठी वाचकाला यातला सर्वांत जवळचा दिवस ९ एप्रिल १९४५ चा. सेनियो नदीच्या दोन्ही काठांवर पूर अडवणारे मातीचे उंच बांध होते आणि जर्मनांनी आपली मशीनगन-ठाणी त्या बांधांतच कोरली होती. पलीकडच्या बांधावर आपली तुकडी जवळजवळ कापली गेली असताना, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधील शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले. मग माघारी जाऊन तीन ठाणी निकामी केली. हाताला गोळी लागल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा त्यांनी हातबॉम्ब वापरले. अखेर बांधाच्या माथ्यावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हातवारे करून पलीकडे बोलावले. अहमदनगर जिल्ह्यातील या जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी त्याच नदीवर, त्याच आठव्या भारतीय डिव्हिजनमधील अली हैदर यांनीही तो मिळवला.

पुढे आर्जेन्ताची पाणथळींमधली चिंचोळी वाट मोकळी झाली आणि २ मे रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली. कोअर ऑस्ट्रियात शिरली. तेथे तिच्या हाती लागलेल्या, जर्मनांच्या बाजूने लढलेल्या हजारो कोसॅकांना, बायका-मुलांसह, मे-जूनमध्ये सोव्हिएत लष्कराच्या हवाली करण्यात आले. माणसे मायदेशी परत पाठवण्याचा याल्टा करार केवळ सोव्हिएत नागरिकांपुरता होता, तरीही क्रांतीनंतर रशिया सोडलेले आणि कधीच सोव्हिएत नागरिक नसलेले लोकही त्यांत गेले. हे समर्थनीय मानता येत नाही. त्यांपैकी जनरल प्योत्र क्रास्नोव यांना जानेवारी १९४७ मध्ये मॉस्कोत फाशी देण्यात आली.