थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टमध्ये नेमकं काय झिजतं?

२६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्री रायफलला रीतसर निरोप दिला. महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावरही ती कित्येक दशकं होती. मूळ नाव ली-एनफिल्ड. पहिल्या महायुद्धात गाजलेला तिचा नमुना १९०७ सालचा, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. ती एवढी टिकली कशी, असं विचारलं की 'पूर्वीचं पोलादच वेगळं होतं' असं उत्तर मिळतं. ते मला पटत नाही. पोलाद कुठल्याही काळातलं असो, घासलं की झिजतं. या रायफलीच्या बोल्टमध्ये, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यात, झीज कुठे होते आणि ती कशी भरून काढता येते, हे पाहिलं की तिच्या आयुष्याचा खरा हिशोब लागतो.

काडतूस पेटतं तेव्हा आतला वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने काडतुसाच्या बुडाला मागे रेटतो. या काडतुसात तो जोर दोन टनांच्या घरात जातो. तो झेलतो बोल्ट. बोल्टच्या मागच्या बाजूला दोन उंचवटे असतात, त्यांना लग म्हणतात. मूठ खाली दाबली की बोल्ट फिरतो आणि हे लग रायफलीच्या सांगाड्यातल्या खाचेत अडकतात. दोन्ही लग सांगाड्याला सारखे टेकले तर भार वाटला जातो. एकच टेकला तर सगळा रेटा त्याच्यावर येतो आणि बोल्ट तिरका दबतो. म्हणून हे लग त्या त्या सांगाड्याशी घासून जुळवलेले असत. बोल्टच्या मुठीच्या मागे रायफलीचा नंबर कोरलेला असतो, तो याच कारणासाठी. दहा रायफली एकत्र साफ करून बोल्टची अदलाबदल झाली, तर वरून काहीच कळत नाही. पण एकमेकांशी जुळलेले दोन पृष्ठभाग वेगळे होतात आणि झीज नव्याने सुरू होते.

लग मागे असल्याचा एक परिणाम असा, की गोळी सुटताना बोल्टचा सगळा दांडा क्षणभर दाबला जातो आणि पुन्हा मूळ लांबीवर येतो. तेवढ्या अवकाशात काडतुसाचं पितळ मागे ताणलं जातं. आता यात झिजेची भर घाला. बोल्टचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यात काडतुसाची कडा बसायला जी जागा असते, तिला हेडस्पेस म्हणतात. ब्रिटिश लष्करी मापाप्रमाणे ती ०.०६४ ते ०.०७४ इंच असायला हवी, म्हणजे साधारण १.६३ ते १.८८ मिलिमीटर. पाव मिलिमीटरची मुभा, बस. त्यापुढे गेलं की काडतूस बुडापासून थोडं वर जास्त ताणलं जातं. उडालेल्या पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणावर, तिथे एक चकचकीत वळं दिसू लागतं, आणि पुढची पायरी म्हणजे पुंगळी तिथूनच तुटून पुढचा भाग नळीत अडकणं.

या रायफलीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथे येते. बोल्टचं डोकं हा आट्यांनी बसवलेला वेगळा तुकडा आहे, अंगठ्याच्या पेराएवढा. पुढे आलेल्या 'नंबर ४' या नमुन्यात ही डोकी शून्य ते तीन अशा नंबरांची मिळत. प्रत्येक नंबर आधीच्यापेक्षा मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने लांब. लग झिजून जागा वाढली की आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, गेज (ठरलेल्या जाडीचा मापाचा तुकडा) लावून पाहतो, जुनं डोकं काढतो, पुढच्या नंबरचं बसवतो, पुन्हा गेज लावतो. झिजलेला लग तसाच राहतो, पण वाढलेली जागा भरून निघते. महागडा सांगाडा आणि दांडा वाचवून झिजेची किंमत एका लहान तुकड्यावर वळवण्याची ही युक्ती अभियांत्रिकीत फार वरच्या दर्जाची आहे.

ओल्या काडतुसांबद्दलही सांगायला हवं. कोरडी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागच्या रेट्याचा काही भाग स्वतःवर घेते. तिच्यावर तेल किंवा पाणी असेल तर ती पकड सुटते आणि तो भारही लगांवर येतो. म्हणूनच कारखान्यातल्या कसोटीत जास्त दाबाचं एक काडतूस कोरडं आणि एक तेल लावून उडवत. पावसाळ्यात भिजलेली काडतुसं पुसून घ्या असं शिकवतात, त्यामागे केवळ टापटीप नाही.

बोल्टच्या डोक्याच्या बाजूला एक्स्ट्रॅक्टर असतो, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा. त्याला दाबून धरते नखाएवढी पट्टीची स्प्रिंग. तिच्या मरणाची तऱ्हा वेगळी आहे. लग घासून झिजतो, मोजता येतो, स्प्रिंग थकते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच. जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात धातू जो भार सहज पेलतो, तोच भार हजारो वेळा आला तर त्याला मोडू शकतो. तडा सुरू होतो एखाद्या ओरखड्यापासून किंवा गंजाच्या खड्ड्यापासून. आदल्या दिवशी स्प्रिंग धडधाकट दिसते, दुसऱ्या दिवशी दोन तुकडे.

आणि गंजाला इथे आयतं निमंत्रण होतं. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडातल्या ठिणगी टाकणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड हे मीठ उरतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. नळीत तर ते बसतंच, पण टोपीतून वायू गळला तर बोल्टच्या तोंडावर आणि टोपीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या टोकावरही. कोकणातल्या जुलैच्या हवेत त्याला एक रात्र पुरते. तेलाने हे मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून जुन्या शिस्तीत आधी उकळतं पाणी, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल, असा क्रम असे.

फायरिंग पिनचं टोक बोल्टच्या तोंडातून सुमारे एक मिलिमीटर बाहेर येतं. त्याची गोलाई खडबडीत झाली की ते टोपीला दाबण्याऐवजी भोक पाडतं. त्या भोकातून तापलेला वायू मागे येतो आणि टोक आणखी खातो. म्हणजे ही झीज स्वतःच स्वतःला वाढवते. तिथे घासूनपुसून वेळ काढण्यात अर्थ नसतो, पिन बदलायची.

स्प्रिंग, आकडा, पिन, डोकं हे सगळं बदलता येतं. सांगाड्यातली लग टेकण्याची जागा मात्र बदलता येत नाही. तीन नंबरचं डोकं लावूनही ०.०७४ चं गेज ठेवून बोल्ट बंद झाला, की आर्मरर त्या रायफलीवर बाद असा शेरा मारतो.