पिढ्यांमधील न्याय

सार्वजनिक धोरणाचे लाभ आणि भार तरुण, वृद्ध व अजून न जन्मलेल्या पिढ्यांत कसे वाटले जावेत, याविषयीची संकल्पना. ‘आंतरपिढी समन्याय’ अशीही संज्ञा रूढ आहे. केंद्राच्या २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याच्या दीर्घ शीर्षकातच ती येते. आधुनिक तात्त्विक मांडणी सामान्यतः अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या १९७१ मधील ‘न्याय्य बचत’ तत्त्वापासून (प्रत्येक पिढीने पुढच्या पिढ्यांसाठी योग्य वाटा राखावा) धरतात.

भारतीय उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत पाहतात. कल्याणीच्या चालुक्य दरबारात, बहुधा अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या प्रारंभी, याज्ञवल्क्य स्मृतीवरील ही टीका रचली गेली. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरहून फार दूर नाही. त्यामुळे या भागात हे मत आपुलकीने मांडले जाते. मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो. बंगालात प्रमाण मानल्या गेलेल्या जीमूतवाहनाच्या दायभाग या ग्रंथात तो पित्याच्या मृत्यूनंतर येतो. जन्मलेल्या, न जन्मलेल्या आणि गर्भातल्या अशा सर्वांनाच निर्वाहाचे साधन लागते, म्हणून स्थावराचे दान वा विक्री करू नये, असे वचन मिताक्षरेत उद्धृत आहे. लगेच अपवादही दिला आहे: आपत्काली, कुटुंबासाठी व धर्मकार्यासाठी एकट्यालाही व्यवहार करता येतो. मात्र हा नियम एका कुटुंबाच्या वाटणीचा आहे, राज्याच्या तिजोरीचा नव्हे, आणि मुली त्याच्या बाहेर होत्या (मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी असण्याचा, हक्क महाराष्ट्रात १९९४, देशभर २००५). त्यामुळे मिताक्षरेला उगम न मानता साम्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिच्यातला आपत्कालाचा अपवाद मात्र धोरणचर्चेला आजही उपयोगी आहे.

सोलापुरात या अपवादाची कसोटी उजनी धरणावर लागते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. मृतसाठा विसर्गद्वाराच्या पातळीखाली असतो आणि पुढील दशकांत साचणाऱ्या गाळासाठीही ती जागा धरलेली असते. तो वापरात आला की लोक ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण खोल उणे पातळीत होते. पाणी इतके ओसरले की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे देऊळ उघडे पडते, आणि ज्यांची गावे धरणात गेली त्या पिढीची जमीनही दिसू लागते. पिण्यासाठी मृतसाठा उचलणे हा आपत्कालच होय. परंतु उसाचे क्षेत्र पावसाच्या बेताने न ठरता धरणाच्या भरवशावर वाढते, तेव्हा अपवादाचाच नियम होतो आणि त्याची किंमत पुढच्यांच्या वाट्याला येते. गाळाने घटणारी साठवण व खोल जाणाऱ्या विंधन विहिरी ही त्याच हिशेबाची दुसरी बाजू आहे.

निवृत्तिवेतनात ही दरी तारखेने पडते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी आणि नंतर राज्य सेवेत आलेल्यांना वेगवेगळ्या योजना (आधीच्यांना जुनी, निश्चित निवृत्तिवेतनाची; नंतरच्यांना अंशदानावर आधारित) लागू झाल्या, म्हणजे एकाच शाळेच्या शिक्षकखोलीत दोन हिशेब. मार्च २०२३ च्या संपातील ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्यातूनच आली. जुन्या योजनेचा खर्च चालू महसुलातून भागतो, त्यामुळे तो उद्याच्या करदात्यावर पडतो, हा विरोधकांचा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु तो केवळ पिढ्यांची तुलना करतो, पिढीच्या आतली विषमता पाहत नाही.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांकडे पाहिले की ही उणीव कळते. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा विडी उद्योगाला १९७७ मध्ये लागू झाला, आणि १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. त्यासाठी साधारण दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते. मांडीवर सूप घेऊन, कात्रीने तेंदूपान कापून हजार विड्या वळणाऱ्या बाईची सेवा वहीवर चढते. तिच्याशेजारी बसून दोरा बांधणाऱ्या मुलीचे काम त्याच हजारात मोजले जाते. मुलीच्या नावावर ते येत नाही.