गावात एकच संघ असतो तेव्हा

२०२५च्या जूनमध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स समोरासमोर आले. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही, बॉस्टन-शिकागोही नाही. लढत सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि २२ जूनला थंडरने तो सामना १०३-९१ असा जिंकला. दोन्ही शहरं एनबीएच्या भाषेत 'स्मॉल मार्केट', म्हणजे छोटी बाजारपेठ.

छोटी कशावरून? मुख्यतः टीव्हीवरून. न्यूयॉर्कच्या टीव्ही बाजारात सत्तर लाखांहून जास्त घरं येतात, तर ओक्लाहोमा सिटीच्या बाजारात त्याच्या दशांशाच्या आसपास. घरं कमी म्हणजे स्थानिक प्रक्षेपणाचे पैसे कमी आणि प्रायोजकही कमी. त्यात नामवंत खेळाडूंना मोठ्या शहराची किंवा मोठ्या संघाची ओढ असतेच. थंडरचा हिरो केव्हिन ड्युरंट २०१६ मध्ये संघ सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाकडे गेला, तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी जाळल्या होत्या.

नुसता हिशेब मांडला तर अशा शहरांत चाहते टिकायलाच नकोत. संघ वर्षानुवर्षं हरतो, चांगला खेळाडू निघून जातो, आणि केबलवर लॉस एंजेलिसच्या लेकर्सचे सामने घरबसल्या दिसतात. तरीही ही माणसं हलत नाहीत. सामाजिक मानसशास्त्रज्ञांना या चिवटपणाचं कुतूहल गेली पन्नास वर्षं आहे.

त्यातलं सर्वात गाजलेलं काम रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, १९७६ सालचं. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत त्यांनी सोमवारच्या वर्गात बसून साधी मोजदाद केली: विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे किती विद्यार्थ्यांच्या अंगावर आहेत? शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसायचे, हरला असेल तर कमी. मग विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याचा निकाल विचारला. विजय सांगताना 'आपण जिंकलो' आणि पराभव सांगताना 'ते हरले' असा कल दिसला. यातला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निकाल विचारण्याआधी काही विद्यार्थ्यांना एक छोटी चाचणी देऊन 'तुम्हाला फारसं जमलं नाही' असं सांगण्यात आलं होतं. ज्यांना हे ऐकावं लागलं, त्यांच्यात 'आपण' आणि 'ते' यांचा हा खेळ अधिक ठळक होता. स्वतःची किंमत कमी झाल्यासारखी वाटली, की माणूस दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात जाऊन उभा राहतो.

पण हे झालं जिंकणाऱ्यांच्या चाहत्यांबद्दल. सॅक्रामेंटोचं काय?

कॅलिफोर्नियाची राजधानी असूनही सॅक्रामेंटो हे सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या सावलीत राहिलेलं शहर. तिथला किंग्ज हा संघ रॉचेस्टर, सिनसिनाटी आणि कॅन्सस सिटी असा फिरत फिरत १९८५ मध्ये तिथे पोहोचला. संघाचं एकमेव विजेतेपद १९५१ सालचं, तेही रॉचेस्टरमधलं. २००६ नंतर सलग सोळा हंगाम किंग्जना प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांत, पाऊल ठेवता आलं नाही, आणि हा एनबीएतला विक्रम आहे. चाल्डिनींचा नियम एवढाच असता, तर तिथल्या खुर्च्यांवर कबुतरंच बसली असती.

याचं उत्तर डॅनियल वॉन आणि नायला ब्रँस्कोम यांनी १९९० मध्ये दिलं. चाहत्यांची संघाशी असलेली एकरूपता सारखी नसते. ज्यांची ओळख संघाशी वरवर जोडलेली असते, ते पराभवानंतर अंतर राखतात. ज्यांची ओळख खोलवर गुंतलेली असते, ते विजयात जास्त मिरवतात आणि पराभवातही संघापासून दूर सरकत नाहीत. सरकणार कुठे? संघापासून लांब जायचं म्हणजे स्वतःच्याच एका भागापासून लांब जायचं.

मग छोट्या शहरात ही गुंतवणूक इतकी खोल का जाते? मॅरिलिन ब्रूअर यांनी १९९१ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे चपखल बसतो. माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: कुणाच्या तरी कळपात असणं आणि तरीही वेगळं असणं. कळप फार मोठा झाला की आपण त्यात विरघळतो. फार लहान असला की एकटे पडतो. लेकर्सचे चाहते मनिलापासून मुंबईपर्यंत पसरलेले आहेत, त्यामुळे लेकर्सचा चाहता असल्याने तुम्ही कोण आहात याचा फारसा पत्ता लागत नाही. किंग्जची जांभळी टोपी घातलेला माणूस मात्र कुठून आला, हे विमानतळावरही ओळखता येतं. त्यात सॅक्रामेंटोत अनेक वर्षं मोठ्या लीगचा दुसरा कोणताच संघ नव्हता. शहराचं नाव देशभरच्या बातम्यांत रोज यायचं, ते या एका संघामुळे.

२००० च्या सुमारास लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोच्या लोकांना अर्धवट सुधारलेले अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. चाहत्यांनी निषेधाची पत्रकं काढली नाहीत. त्यांनी गाईच्या गळ्यात बांधायच्या घंटा आणल्या आणि लेकर्सच्या बाकामागे उभं राहून त्या कान किटेपर्यंत वाजवल्या. हेन्री ताइफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये सामाजिक ओळखीचा जो सिद्धांत मांडला, त्यात नेमकी ही युक्ती नोंदवलेली आहे: ज्या समूहाला खाली ढकललं जातं, तो कधीकधी हिणवण्याचं कारणच छातीवर मिरवू लागतो. खेडवळ तर खेडवळ, घ्या घंटा!

याच संघाशी मराठी माणसाचाही एक धागा जोडलेला आहे. २०१३ मध्ये किंग्ज सिएटलला विकले जाण्याच्या बेतात होते. शहराचे महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीएत खेळलेले, त्यांनी नवा खरेदीदार शोधण्यासाठी जंग जंग पछाडलं. एनबीएच्या संघमालकांनी स्थलांतराचा प्रस्ताव २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला, आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते किंग्ज आणि पेसर्स यांच्यात. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. हे दोन्ही संघ छोट्या बाजारपेठेतले आहेत, याकडे बहुतेकांनी तेव्हा लक्ष दिलं नाही. आपल्याकडे एनबीए म्हणजे एनबीए.

चाहत्याच्या मनात चाललेलं हे सगळं त्याच्या स्वतःबद्दलच्या अंदाजापर्यंत आणि शरीरापर्यंत पोहोचतं. ब्लूमिंग्टन हे इंडियाना विद्यापीठाचं गाव, आणि तिथे बास्केटबॉल म्हणजे जवळपास धर्म. एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या चाहत्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचा सामना दाखवला आणि मग विचारलं: छोट्या बास्केटमध्ये तुम्ही किती चेंडू टाकाल? शब्दकोडी किती सोडवाल? या देखण्या व्यक्तीला फिरायला चल म्हटलं, तर ती हो म्हणेल का? संघ जिंकल्यावर विद्यार्थ्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज उंचावले, हरल्यावर खाली आले. १९९२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळलं कोण आणि आत्मविश्वास कोणाचा वाढला, याचा इथे काही ताळमेळ नाही, आणि मला तरी हीच यातली खरी गंमत वाटते.

१९९८ मध्ये पॉल बर्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी परंपरागत प्रतिस्पर्धी असलेल्या दोन कॉलेज संघांचा बास्केटबॉल सामना पाहणाऱ्या पुरुषांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन मोजलं. जिंकलेल्या संघाच्या चाहत्यांत ते सरासरीने वाढलं, हरलेल्यांच्यात घटलं. मात्र बास्केटबॉलच्या त्या प्रयोगात माणसं होती आठ. फुटबॉलच्या विश्वचषक सामन्यावर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात एकवीस. निष्कर्ष मजेदार आहे, पण एवढ्यावर इमारत बांधू नये.

आता वैराकडे. वैर भिन्नतेतून जन्मतं असं आपण धरून चालतो. गॅव्हिन किल्डफ, हिलरी एल्फेनबाइन आणि बॅरी स्टॉ यांनी २०१० मध्ये अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा अभ्यास केला आणि चित्र उलटं निघालं. विद्यापीठांच्या वृत्तपत्रांत खेळावर लिहिणाऱ्यांना त्यांनी विचारलं, की तुमच्या संघाचं कोणाशी किती वैर आहे. वैर वाढवणारे घटक होते जवळ असणं, एकसारखं असणं आणि वारंवार तुल्यबळ लढती होणं. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतलं अंतर पंधराएक किलोमीटर, आणि त्यांचं वैर देशभर प्रसिद्ध. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहिलेल्याला हे नव्याने सांगायला नको. तिथे ईर्ष्या पुण्या-मुंबईशी नसते, शेजारच्या तालमीशी असते, जिथले लोक त्याच गल्लीत त्याच चहाच्या गाड्यावर उभे असतात.

छोट्या शहरांच्या बाबतीत ही मोजपट्टी लावली की ओक्लाहोमा सिटी आणि मेम्फिस यांचं प्रकरण उलगडतं. दोन्ही शहरांना मोठ्या लीगचा एकच संघ, आणि तोही दुसरीकडून आलेला: मेम्फिसचा ग्रिझलीज २००१ मध्ये व्हँकुव्हरहून, थंडर २००८ मध्ये सिएटलहून. अंतर फार जवळ नाही, गाडीने सातेक तास. पण २०११, २०१३ आणि २०१४ असे चार वर्षांत तीनदा ते प्लेऑफमध्ये भिडले. २०११ मधल्या एका सामन्यात तीनदा जादा वेळ खेळावा लागला. २०१४ मध्ये तर सलग चार सामने जादा वेळेत गेले, आणि मालिका अखेर थंडरने ४-३ अशी घेतली. इतकं तुल्यबळ असल्यावर अंतर आड येत नाही.

याउलट २०२५ ची ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांची अंतिम लढत. खेळ अप्रतिम झाला, पण दोन शहरांत जुना दात असा नव्हताच. पेसर्सच्या चाहत्याला डिवचायचं असेल तर न्यूयॉर्कचं नाव काढावं लागतं. १९९५ मध्ये पेसर्सच्या रेजी मिलरने न्यूयॉर्कच्याच मैदानावर नऊ सेकंदांहूनही कमी वेळात आठ गुण केले, ती आठवण इंडियानात अजून पुरवून पुरवून खाल्ली जाते. मोठ्याशी असलेलं वैर अनेकदा एकतर्फी असतं. सॅक्रामेंटो लेकर्सच्या नावाने बोटं मोडतं तेव्हा लॉस एंजेलिस बहुधा दुसरीकडेच बघत असतं.

वैराची एक काळी बाजूही आहे. मिना सिकारा, मॅथ्यू बोट्विनिक आणि सुझन फिस्क यांनी २०११ मध्ये बेसबॉलच्या कट्टर चाहत्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. प्रतिस्पर्धी संघ तिसऱ्याच कुणाकडून हरताना पाहूनही मेंदूतला सुखाशी संबंधित भाग सक्रिय होत होता. ज्यांच्यात ही प्रतिक्रिया जास्त, त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या चाहत्याला त्रास देण्याची शक्यताही जास्त सांगितली.

तरी माझ्या मते छोट्या शहराच्या निष्ठेत सगळ्यात जोरकस भावना वैराची नसते. भीतीची असते. संघ निघून जाईल ही भीती. १९७७ मध्ये पेसर्सकडे पैसे उरले नव्हते, तेव्हा इंडियानापोलिसमध्ये जुलैच्या सुरुवातीला टीव्हीवर अहोरात्र कार्यक्रम करून हंगामी तिकिटं विकली गेली. लक्ष्य ८,००० तिकिटांचं होतं. ते पूर्ण झालं आणि संघ राहिला. तेव्हा चाहत्यांनी स्वतःच्या खिशातून दिलं.

आज मालक मागतात ते करातून. सार्वजनिक पैशातून बांधलेली क्रीडासंकुलं शहराला तेवढं उत्पन्न परत मिळवून देत नाहीत, याबद्दल बहुतेक अर्थतज्ज्ञांचं एकमत आहे. सिएटलच्या मतदारांनी २००६ मध्ये अशा अनुदानाला मर्यादा घालणारा प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर केला. दोन वर्षांनी १९६७ पासूनचा त्यांचा सुपरसॉनिक्स हा संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. नाव आणि रंग तेवढे मागे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांसमोर किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या संकुलासाठी सहा वर्षं एक टक्का विक्रीकर देण्याचा प्रस्ताव आला. संघाचा वाटा पाच कोटी, आणि त्या बदल्यात २०५० पर्यंत शहरात राहण्याची हमी. सुमारे ७१ टक्के मतदारांनी होकार दिला. संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात कसा जातो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना तो तसाच मिळाला होता.